पूर म्हणजे पूर

ओडेट पेल्कीनं सकाळपासून डोक्यात राख घालून घेतली होती, आणि का घालू नये? अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या त्या टीचभर कॉलेजच्या दारातच मोठा फलक होता: ‘या, आपल्या पदवीचा विषय आपणच घडवा!’ पोरीनं घडवला. भूगर्भशास्त्र, कायदा, इतिहास एकत्र गुंफून विषय मांडला: पूर. विषय मंजूर करणाऱ्या समितीनं तो दोनदा परत पाठवला, तोही तिला समोर न बोलावता. आज शेवटची बैठक. आज नाही म्हणाले, की उद्या मुकाट्यानं भूगर्भशास्त्रात नाव घालायचं.

त्यात कॉलेज बघायला आलेल्या पालकांना फिरवायची पाळीही आजच तिची. तिथल्या रीतीप्रमाणे पाहुण्यांकडे तोंड करून ती उलटी चालत होती आणि हसून सांगत होती, "इथं मुलांना मनासारखा विषय मिळतो."

"खरंच कुणाला मिळालाय का?" टोपीवाल्या एका बापानं विचारलं.

"बाबा, पुरे ना!" त्याची मुलगी लाजून म्हणाली.

ठरलेलं गोड उत्तर ओडेटच्या ओठांवर आलं आणि तिची तिलाच किळस वाटली.

"मला नाही मिळाला," ती म्हणाली. "चला, का ते विचारू."

सगळी वरात थेट समितीच्या खोलीत. आत तीन प्राध्यापक कॉफी घेत बसले होते. अध्यक्ष व्हिटकोम्ब सर भूगर्भशास्त्राचे. ते ताडकन उठले.

"ओडेट! काय तमाशा आहे हा?"

"कॉलेज दाखवतेय, सर. विषय घडतो ती खोली हीच ना?"

"तुझा विषय म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या! आणि गाइडचं काम आजपासून बंद, समजलीस?"

ओडेटनं गळ्यातला बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "बरं झालं. आता मी नुसती अर्जदार. विचारा."

"हे बघ, ‘पर्यावरण’ म्हणून तयार अभ्यासक्रम आहे. तो घे, आत्ता सही करतो."

हो म्हटलं की ओडेट सुटली असती.

"नाही, सर. पूर म्हणजे पूर. आईच्या बेकरीत पाणी शिरलं, तेव्हा त्यानं विचारलं नाही, कुठल्या विभागात शिरू म्हणून!"

टोपीवाला फस्सकन हसला. कायद्याच्या ओकाफोर मॅडम मात्र पुढं सरकल्या. "धोका ठाऊक असून नदीकाठची घरं विकणाऱ्याला धरायचं कसं?"

"पाणी तिथवर येतं हे गाळ सांगेल. ते विकणाऱ्याला ठाऊक होतं हे जुनी कागदपत्रं सांगतील. मग तुमचा कायदा. तुम्हाला एकटीला नाही जमायचं, मॅडम."

ओकाफोर मॅडमनी हात वर केला. इतिहासाच्या सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपलाही केला. व्हिटकोम्ब सरांचा हात कपाच्या कानातच अडकून राहिला.

"दोन विरुद्ध एक. मंजूर," ते कसंबसं म्हणाले. "पण मला अजून पटलेलं नाही, सांगून ठेवतो."

"पदवीला अजून दोन वर्षं आहेत ना, सर," ओडेट म्हणाली. "पटवते."