तिळ्याचा ट्रेलर

माझ्या पोटात इंजिन नाही, मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी घोडे वाहून नेणारा एक जुना ट्रेलर आहे. चार चाके, पत्र्याच्या भिंती, आत दोन घोड्यांपुरती जागा आणि मागे जमिनीला टेकणारी लाकडी उतरण, एवढाच माझा संसार. पुढे जी गाडी जोडतील तिच्यामागे मुकाट्याने जायचे, हे माझे काम. एकतीस वर्षे ते केले. आता थकलो आहे, आणि थकलेल्याने थोडी कुरकुर केली तर तुम्ही ती ऐकून घ्यावी.

पुढे जाताना मी अगदी शहाणा असतो. मागे जाताना मात्र सगळेच उलटते. चालकाने स्टीअरिंग डावीकडे फिरवले की मी उजवीकडे वळतो, आणि घाबरून त्याने आणखी फिरवले की विळी मिटावी तसा जीपवर मिटतो. याला लोक माझा खोडसाळपणा म्हणतात. पण माझी घडणच तशी आहे, त्याला मी काय करणार? म्हणूनच या देशात मला ओढायला साधा परवाना चालत नाही. वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि भले भले तिथे घाम पुसत परत येतात.

माझा जन्म जपानच्या उत्तर भागातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मला सुगावारा-सानांनी सेंदाईजवळच्या आपल्या घोडेस्वारीच्या क्लबात आणले. सान म्हणजे तुमच्याकडचे राव. ते कमी बोलणारे गृहस्थ. पण निघण्यापूर्वी माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारत आणि बोट दाखवून मोठ्याने म्हणत, "टायर, योशी! दिवे, योशी! कडी, योशी!" योशी म्हणजे ठीक आहे. एकतीस वर्षांत ती फेरी त्यांनी एकदाही चुकवली नाही. मला ती फार आवडे, हे आज कबूल करतो.

उन्हाळ्यातल्या उत्सवांना मी सजवलेले घोडे नेले. लहान मुले माझ्या खिडकीशी टाचा उंचावून आत डोकावायची. मग तो मार्च आला, ज्यात समुद्र गावात शिरला. किनाऱ्याजवळच्या तबेल्यातला एक करडा, ठिपक्याठिपक्यांचा घोडा मोठ्या ट्रकमध्ये चढवलेला होता आणि ट्रक गाड्यांच्या रांगेत अडकला होता. चाकांशी पाणी आले तेव्हा सुगावारा-सानांनी त्याला उतरवले, माझ्यात घातले आणि शेतातल्या वाटेने वर आणले. त्या घोड्याचे नाव गोमा, म्हणजे तीळ. तेव्हापासून गोमा कुठल्याही ट्रकमध्ये पाऊल ठेवत नाही. तो फक्त माझ्यात चढतो. आयुष्यात कोणी आपल्यावर इतका विश्वास टाकला, तर ओझे वाटते आणि बरेही वाटते.

पुढे क्लबात माणसे कमी होत गेली. माझ्या छपरावर शेवाळ धरले. सुगावारा-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. एके दिवशी त्यांनी मला फाटकाच्या खांबाला घासले. माझे फारसे काही बिघडले नाही, पण दुसऱ्याच दिवशी ते स्वतः जाऊन आपला वाहन चालवण्याचा परवाना परत करून आले. इथली म्हातारी माणसे असे करतात. परत आल्यावर ते बराच वेळ माझ्या उतरणीवर बसून राहिले.

आता विभाताईंबद्दल सांगतो. मला मराठी कुठून आली, हेही त्यात येईलच. विभाताई पुण्याच्या. नवरा हरीशराव सेंदाईतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करतात. तीन वर्षांसाठी म्हणून आलेले हे जोडपे चौदा वर्षे इथेच आहे. मुलगी चैत्राली नोकरीसाठी टोकियोत, तोयोसुला गेली आणि घर रिकामे झाले. मग विभाताईंनी शेताचा एक तुकडा भाड्याने घेतला आणि त्यात अळू, मेथी, कोथिंबीर लावली. खताला घोड्याची लीद चांगली, असे कोणीतरी सांगितले म्हणून त्या पोती घेऊन आमच्याकडे आल्या. लीद भरता भरता गोमाला खरारा करू लागल्या. महिन्याभरात त्याचा तिळ्या झाला, आणि तो त्या नावाला कान टवकारू लागला. त्या त्याच्याशी मराठीत बोलत, तो दिसला नाही तर माझ्याशी बोलत. अशी मी भाषा शिकलो.

गेल्या हिवाळ्यात सुगावारा-सानांनी सांगितले की एकतीस मार्चला क्लबाची जागा मालकाला परत द्यायची आहे. बाकी घोड्यांची सोय लागली. तिळ्या चोवीस वर्षांचा, त्याला कोण घेणार? उत्तरेला डोंगरात, दोन तासांच्या अंतरावर, अरुणा नावाच्या एक मराठी बाई आपल्या जपानी नवऱ्याबरोबर म्हाताऱ्या घोड्यांचा तबेला चालवतात. त्या हो म्हणाल्या. पण तिळ्याला तिथे पोहोचवायचे कसे? वाहतूकवाले आपलाच ट्रक आणणार आणि तिळ्या त्यात चढणार नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला आपल्या गाडीमागे जोडायला कोणी तयार होईना. मला ओढायचा परवाना क्लबात आता कोणाकडेच उरला नव्हता. नेले नाही तर एक व्यापारी त्याला घेऊन जाणार होता. पुढे काय, ते कोणी विचारत नव्हते आणि सगळ्यांना ठाऊक होते.

"मी देते परीक्षा," विभाताई म्हणाल्या. साधा परवाना त्यांच्याकडे होताच.

सुगावारा-सानांनी त्यांच्याकडे पाहिले. "विभा-सान, अवघड आहे."

"अवघड आहे ते कळलं. कधीपासून शिकवता?"

झाले. क्लबाचे आवार खासगी, त्यामुळे तिथे सरावाला परवान्याची गरज नव्हती. सुगावारा-सानांची जुनी जीप पुढे, मी मागे आणि चार नारिंगी शंकू. विभाताई पहाटे पाचला डब्याच्या कारखान्यात बाइतोला जात, म्हणजे अर्धवेळ कामाला. तिथे उभ्याने भात भरून झाला की दुपारी इथे येत. गुडघा दुखत असे. स्टीअरिंगवर बसल्यावर त्या आधी एक सुस्कारा सोडत, तो मला जोडणीतून कळे. मीही मनातल्या मनात एक सोडत असे.

शनिवार-रविवारी हरीशराव येत. त्यांना गाडी चालवता येत नाही. सेंदाईत भुयारी रेल्वे असताना कशाला, हे त्यांचे मत. पण बायकोला मदत तर करायची. मग ते माझ्या मागे उभे राहून, पुण्यात गाडी मागे घेताना उभे राहतात तसे, हात हलवत ओरडत. "येऊ दे... येऊ दे... डावीकडे... अगं, माझ्या डावीकडे! येऊ दे... बस, बस!" आणि बस म्हणताना माझ्या पाठीवर दोन सणसणीत थापा. थाप पडली की विभाताईंचा ब्रेक लागलाच. दहा शनिवार-रविवार मी त्या थापा खाल्ल्या. शंकू एकही पडेनासा झाला आणि आम्हा सगळ्यांना वाटले की जमले.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिली परीक्षा झाली. परीक्षा केंद्राचा स्वतःचा ट्रेलर असतो, त्यामुळे मी आवारातच थांबलो. हरीशराव अर्धी रजा टाकून थर्मासमध्ये चहा घेऊन आले होते. विभाताई बसथांब्यापासून चालत आल्या आणि माझ्या उतरणीवर बसल्या.

"काय झालं?"

"नापास. मागे घेताना खांबाला लागला."

"अगं पण इथे तर छान घेत होतीस!"

"इथे तू होतास." त्यांनी बूट काढून गुडघा चोळला. "मला तो खांब आरशात दिसत होता रे. चांगला स्पष्ट दिसत होता. पण मी थापेची वाट बघत राहिले. थाप पडलीच नाही, म्हणून पाय ब्रेकवर गेलाच नाही."

हरीशरावांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांच्यापुढे धरला. विभाताईंनी हेच जपानीत सांगितले तेव्हा सुगावारा-सान हसले नाहीत.

"हरीश-सान," ते म्हणाले, "उद्यापासून तुम्ही ट्रेलरमागे उभे राहू नका."

"मग मी काय करू?"

"गोमाला धरा."

हरीशरावांना घोड्याची भीती वाटते. तरी त्यांनी दोरी घेतली आणि दोन हात लांबवर धरली. तिळ्या त्यांच्या खिशातले बिस्किट हुंगत राहिला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले, मित्रांनो. मागे कोणी नसले की विभाताईंचे हात गळून जात. मी मिटत होतो, शंकू आडवे होत होते, जीपच्या बंपरने माझे तोंड सोलवटले. सुगावारा-सान बाजूला उभे राहून एकच सांगत. "खांब बघू नका. ट्रेलरचं मागचं चाक बघा. शंका आली की थांबा, पुढे घ्या, सरळ करा, परत या."

"पुढे घेतलं की जमलं नाही असं होतं ना," एकदा विभाताई चिडून म्हणाल्या. "पुण्यात मागे दहा हॉर्न वाजायला लागतात."

"इथे मागे कोणी नाही. मी एकतीस वर्षं पुढे घेतोय."

हे खरे होते. साक्षीदार मीच. ते दरवेळी थांबत, पुढे जात, पुन्हा येत, आणि त्याची लाज त्यांना कधीच वाटली नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसरी परीक्षा झाली. या खेपेला मागे घेणे झकास जमले. एकदा पुढे घेतले, पुन्हा आल्या, बरोबर आत. मग त्या आनंदात बाहेर पडताना सिग्नल द्यायचा राहिला, आणि पुढच्या वळणावर मागे वळून बघायचेही राहिले. पुन्हा नापास. चैत्रालीचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला.

"आई, गानबात्ते!" ती म्हणाली, म्हणजे नेट लाव.

"करतेच आहे गं प्रयत्न," विभाताई म्हणाल्या. "पण मी दमले आता. खरंच दमले."

फोन ठेवून त्या माझ्या आत येऊन उभ्या राहिल्या, जिथे तिळ्या उभा राहतो तिथे, आणि थोडा वेळ रडल्या. मला हात असते तर मी काय केले असते, ठाऊक नाही. मीही दमलो होतो. माझ्या वाहन-तपासणीची मुदत एकतीस मार्चलाच संपत होती आणि ती कोणी वाढवणार नव्हते. परीक्षेची पुढची तारीख मिळाली ती सव्वीस मार्चची. तिच्यानंतर दुसरी तारीख नव्हती.

सव्वीसला दुपारभर तिळ्या कुंपणाशी उभा होता. हरीशरावांनी चहा आणला होता, पण झाकण उघडले नाही. विभाताई आल्या. सरळ माझ्यापाशी आल्या आणि चालू लागल्या. बोट दाखवून म्हणाल्या, "टायर, योशी. दिवे, योशी. कडी, योशी." पूर्ण फेरी मारून त्या समोर आल्या तेव्हा सुगावारा-सानांनी कमरेत वाकून नमस्कार केला, आणि हरीशरावांना मग कुठे कळले.

एकतीस तारखेला सकाळी तिळ्या माझ्यात चढला. उतरणीशी थांबला, फळ्या हुंगल्या आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. सुगावारा-सान सवयीने जीपच्या चालकाच्या दाराकडे गेले. त्यांचा हात कडीवर पडला. मग त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तेच दार विभाताईंसाठी उघडून धरले आणि ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले. आम्ही वळेपर्यंत ते वाकलेलेच होते.

दोन तास त्या सावकाश चालवत होत्या. घाटात तिळ्याचे वजन इकडून तिकडे होई आणि मी ते सांभाळत होतो. अरुणाताईंच्या तबेल्याची वाट अरुंद, चढाची, एका बाजूला ओढा. शेवटची शंभर पावले मागे घेतच जायचे होते. हरीशराव उतरले आणि सवयीने माझ्या मागे जाऊन उभे राहिले. हात वर केले. मग खाली घेतले आणि खिशात घातले.

विभाताई आल्या, थांबल्या, पुढे गेल्या, पुन्हा आल्या. चार वेळा. अरुणाताई बघत होत्या, त्यांचे मजूर बघत होते, आणि विभाताईंना त्याची काही पर्वा नव्हती. पाचव्यांदा मी दारासमोर सरळ उभा राहिलो आणि ब्रेक लागला. कोणी काही म्हटले नव्हते.

तिळ्या उतरला आणि गवताकडे निघून गेला, मागे वळून न बघता. मला जरा वाईट वाटले. पण जनावराला गवत दिसल्यावर त्याने दुसरे काय करावे?

संध्याकाळी मला जीपपासून सोडवले. रात्री बाराला माझी मुदत संपणार होती, आणि मी पुन्हा रस्त्यावर जाणार नव्हतो. अरुणाताई मला गवत ठेवायला वापरणार होत्या. विभाताईंनी माझ्याभोवती आणखी एक फेरी मारली, बोट न दाखवता, हाताने पत्रा चाचपत. मागे आल्या. आणि तळव्याने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. जोरात नाहीत.

"बस," त्या म्हणाल्या. "पोचलास. आता थांब."

मित्रांनो, आता माझ्यात गवताच्या गासड्या आहेत. विभाताई महिन्यातून एकदा लीद न्यायला येतात आणि तिळ्याला खरारा करतात. हरीशराव दोरी आता जवळ धरतात. तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू मुकाट्याने ओझी वाहत असेल. निघण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा, काय घासले आहे ते हाताने बघा. आणि तिचे काम संपेल तेव्हा तिला तसेच सोडून जाऊ नका. तिच्या पाठीवर थाप मारून तिला बस म्हणा. कोणी म्हटल्याशिवाय आम्हाला थांबता येत नाही.