बाद पत्रं

चष्मेवाल्यांचा चष्मा दिवसातून तीनदा हरवायचा आणि तिन्ही वेळा त्यांच्याच कपाळावर सापडायचा. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणायची, आणि ते चिडायचे. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असे, म्हणजे चष्म्याच्या जरासा खालीच. पण हातात भिंग आणि भिंगाखाली जुनं पत्र आलं, की हाच माणूस तासन् तास हूं की चूं करत नसे.

पत्रं म्हणजे युद्धातली. आघाडीवरून घरी आलेली, घरून आघाडीवर गेलेली, शिवाय सैनिकांचे फोटो. तीस वर्षांत चौदाशेवर जमली होती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंतभर खण होते आणि प्रत्येक खणावर वर्ष आणि महिना लिहिलेला होता. कुणाचं जुनं घर रिकामं होतंय असं कानावर आलं, की भंगारवाल्याच्या आधी चष्मेवाले दारात हजर.

त्यांचा नियम एकच होता आणि तो मोडायची सोय नव्हती. आधी तारीख बघायची. लष्करी टपालाचा शिक्का नसला किंवा तारीख युद्ध संपल्यानंतरची असली, तर मजकूर वाचायचासुद्धा नाही. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'बाद' लिहायचं आणि कागद टोपलीत टाकायचा. "वाचत बसलं की प्रत्येकाची दया येते," ते म्हणत, "आणि दयेनं संग्रह होत नाही, अडगळ होते." टोपलीतले जाड, चांगले कागद बायको उचलून न्यायची आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर, खणांत अंथरायची. कागद वाया घालवणं तिच्या रक्तातच नव्हतं.

आता ही सगळी उठाठेव कशासाठी, तर वडिलांसाठी. वडील युद्धावर गेले आणि 'बेपत्ता' असा छापील कागद घरी आला, तेव्हा चष्मेवाले दीड वर्षांचे होते. वडिलांचा म्हणून एक फोटो तेवढा घरात होता, लष्करी कोटातला, छातीपर्यंतचा. पत्र एकही नव्हतं. दुसऱ्यांच्या बापांची चौदाशे पत्रं जमवलेल्या या माणसाकडे स्वतःच्या बापाच्या हातची एक ओळ नव्हती, आणि ते त्यांना आतून खात होतं. कधीतरी आईला विचारत, "खरंच एकही आलं नव्हतं गं?" आई चौऱ्याऐंशी वर्षांची, पण कान तल्लख. शेजारच्या घरातली कुजबुजही तिला कळायची. हा प्रश्न मात्र तिला नेमका ऐकू येत नसे.

रविवारी नगरसभागृहात संग्रहाचं प्रदर्शन होतं. दारातच वडिलांचा माणसाच्या उंचीचा फोटो लावायचा, असं चष्मेवाल्यांनी ठरवलं होतं. घरातली प्रत तळहाताएवढी आणि पुसट होती, तेव्हा फोटोची मूळ काच, म्हणजे काचेवरची निगेटिव्ह, मिळवायला हवी होती. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि क्रमांक होता. स्टुडिओ दोन गल्ल्या पलीकडे अजून सुरू होता. जुन्या फोटोग्राफरची मुलगी, आता स्वतः साठीला आलेली, तिथे ओळखपत्रांचे फोटो काढायची.

"बाबांनी एक काच टाकू दिली नाही," ती वरच्या माळ्यावरून पेटी उतरवत म्हणाली. "आई म्हणायची, घरात एक तर काचा राहतील नाहीतर मी. शेवटी आईच थकली." क्रमांक लावून तिने काच शोधली, फडक्याने पुसली आणि दिव्याच्या टेबलावर ठेवली.

काचेवर सगळं उलटं असतं, चेहरा काळा आणि सावली पांढरी. चष्मेवाल्यांना त्याची सवय होती. त्यांनी भिंग लावलं. तोच चेहरा, हनुवटीवरचा तोच तीळ. पण घरातला फोटो कापलेला होता आणि ही काच पूर्ण होती. लष्करी कोटाखाली रेघारेघांची घरातली विजार होती आणि पायात सपाता.

"कोट आमचाच," ती हसली. "खुंटीला टांगलेला असायचा. रजेवरची माणसं गणवेश घरी ठेवून यायची, मग बाबा हाच चढवायला द्यायचे. दुसरं बटण वेगळं आहे, बघा."

चष्मेवाल्यांचं बटणाकडे लक्ष नव्हतं. डाव्या कडेला एक लहान मूल उभं होतं. त्याने त्या माणसाचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. मुलाच्या डाव्या भुवईवर पट्टी होती.

त्यांचा हात आपसूक स्वतःच्या भुवईवर गेला. चौथ्या वर्षी जिन्यावरून पडून तिथे दोन टाके पडले होते, वण अजून होता. मग त्यांनी काचेचा कोपरा पाहिला. फोटोग्राफरने सुईने तारीख कोरली होती. जन्मभर जी आधी बघितली, ती तारीख त्यांनी आज पहिल्यांदाच शेवटी बघितली. युद्ध संपून तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय होतं, ते त्यांना त्या टेबलापाशी कळलं. त्यांनी पुन्हा वाचली, भिंग पुसून वाचली, शेवटी स्टुडिओवालीकडून वाचून घेतली. आकडे तेच राहिले. तिने पुढे केलेलं पाणी तसंच ठेवून ते काच फडक्यात गुंडाळून घरी निघाले.

आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. त्यांनी काच तिच्यासमोर उजेडात धरली. आईचे हात थांबले.

"सापडली होय," ती म्हणाली.

"बाबा परत आले होते?"

"आले होते. तीन दिवस होते."

"तू तर म्हणालीस, बेपत्ता!"

"तसा कागदच आला होता. हे लढाई सोडून पळाले होते रे. कुठेकुठे लपून राहिले आणि सगळं शमल्यावर एका पहाटे दारात उभे." आईचा आवाज अजिबात हलत नव्हता, त्याचाच चष्मेवाल्यांना धसका बसला. "या गल्लीतल्या अकरा घरांतली माणसं गेली होती. समोरच्या शिवणवाल्या मावशींचे तिन्ही मुलगे. त्या रोज माझ्या गळ्यात पडून रडायच्या, तुझं माझं दुःख एकच म्हणायच्या. त्यांच्यासमोर मी ह्यांना जिवंत कसं उभं करणार होते? मीच म्हणाले, जा."

"तू घालवलंस?"

"मीच. फक्त अंधार पडल्यावर स्टुडिओत जाऊन एक फोटो काढून द्या म्हटलं, पोराला दाखवायला. तू त्यांचं बोट सोडेनास. म्हणून फोटोतून तुला कापावं लागलं."

चष्मेवाल्यांनी काच खिडकीत टेकवली आणि ते आईसमोर बसले. तोंडातून आला तो जुनाच प्रश्न. "आणि नंतर एकही पत्र नाही?"

या वेळी आईला ऐकू आलं. "पाच आली. मग थांबली."

"कुठायत?"

"तुला दिली."

"मला? कधी?"

"तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. म्हणून तू कुणाच्या घरून गठ्ठा आणलास की त्यात एक सरकवायचे. म्हटलं, पोरगा भिंग लावून वाचतो, त्याचं त्याला कळेल. त्यात तुझ्या भुवईचं होतं, बोटाचं होतं." आईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं. "पाचही वेळा तू तारीख बघितलीस आणि बाद केलंस."

"अगं, मग बोलायचं नाही का!"

"दर वेळी वाटायचं बोलावं. आणि तू टोपलीत टाकलंस की वाटायचं, सुटले."

चष्मेवाले उठले ते थेट स्वयंपाकघरात गेले. डबे खाली उतरवून ते फळ्यांवरचे कागद उपसू लागले. नवे, कोरे कागद होते सगळे. बायको ओला हात तसाच घेऊन उभी राहिली. "अहो, काय चाललंय? कागद मी दर वर्षी बदलते."

"जुने? जुन्यांचं काय करतेस?"

"चुलीत," ती म्हणाली, आणि त्यांचा चेहरा बघून तिचाच आवाज उतरला. मग आठवून म्हणाली, "चमच्यांच्या खणातला तेवढा बदलला नाहीये. जाड होता चांगला."

त्यांनी खण ओढला तो पुरताच बाहेर आला. चमचे फरशीवर सांडले. तळाशी तेलकट, पिवळा पडलेला कागद होता, खणाच्या मापाने कात्रीने कापलेला. खालच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने त्यांनीच लिहिलेलं ठसठशीत 'बाद' होतं. भिंत धरत आलेली आई दारातूनच वाकून बघत म्हणाली, "हेच. हे तुझ्या बाबांचंच अक्षर."

चष्मेवाले खिसे चाचपू लागले, ओट्यावर, फळीवर हात फिरवू लागले. "माझा चष्मा, माझा चष्मा कुठाय?" बायको पुढे आली. तिने त्यांच्या कपाळावरचा चष्मा हलकेच खाली नाकावर ओढला.

वरचा अर्धा मजकूर कात्रीत गेला होता, मधला तेलात विरघळला होता. खालच्या तेवढ्या ओळी शाबूत होत्या.

"पोरगा आता शाळेत जात असेल. वाचायला शिकला की हे पत्र त्याच्याच हातात दे. पुन्हा तोंड दाखवू नका म्हणालीस ते ठीक, पण तो नक्की वाचेल."