समास राखणारी फाईल

मित्रांनो, मी संगणकातली एक जुनी, छोटीशी फाईल आहे. प्रोग्रामच्या ओळी कशा मांडायच्या, एवढंच मी सांगते. समास किती सोडायचा, ओळ कुठे तोडायची, बस्स. माझ्याकडे बघून संगणक सगळ्या ओळी सारख्या करतो, आई पोरींच्या वेण्या घालते तशा.

माझा जन्म खिडकीजवळच्या टेबलावर झाला. वाऱ्याने पडदा फुगायचा, पुन्हा निजायचा. तिथे बसणाऱ्या प्रोग्रामर बाईंना सगळे थोरली म्हणत. शेजारी घाईराव. खरं नाव वेगळं होतं, पण ते चहासुद्धा उभ्यानेच पीत. दोघांची ओळी मांडायची तऱ्हा निराळी, त्यामुळे रोजची कुरबुर. ती मिटावी म्हणून थोरलीने मला लिहिलं.

"चला, भांडायचं काम आता हिच्याकडे," घाईराव म्हणाले.

माझं कौतुक झालं. आजूबाजूच्या टेबलांवरून लोक येत, "आम्हालाही दे ना," म्हणत, आणि थोरली माझी नक्कल काढून देई. अर्धवट झोपेत असल्यासारखी मी कितीतरी संगणकांत एकाच वेळी जागी व्हायचे. घागरीघागरीत चंद्र उतरावा, तसं वाटायचं. पण चंद्र आभाळात एकच असतो. माझ्या नकलांना वर कुणीच नव्हतं. एकीने समास वाढवला, दुसरीने आखडला. वेगळ्या चुली मांडल्या म्हणा ना. मला कुणी विचारेनासं झालं.

थोरलीने वयस्कर माणसांसाठी एक प्रोग्राम केला होता. गोळीची वेळ झाली की फोनवर मंद घंटा वाजे. तिचे बाबा एकटे राहत. रक्तदाबाची संध्याकाळची गोळी ते त्या घंटेच्या भरवशावर घेत.

एकदा घाईरावांनी त्या प्रोग्राममध्ये थोडी दुरुस्ती केली. त्यांच्याकडे माझी बदललेली नक्कल होती. तिने सगळ्याच ओळी आपल्या तऱ्हेने सरकवल्या. थोरली तपासायला बसली, तर स्क्रीनभर बदलाच्या खुणा, जणू प्रत्येक ओळ नवी. "नुसते समास हललेत," म्हणत ती पुढे गेली. त्या गर्दीत संध्याकाळच्या घंटेची ओळ घाईरावांच्या हातून पुसली गेली होती. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाबांचा फोन आला.

"अगं, तुझी घंटा रुसलीय का? कालची गोळी राहिली माझी. जरा गरगरलं. घाबरू नकोस, शेजारीण बसलीय जवळ. गोळीही दिली तिने."

थोरलीने लगेच प्रोग्राम उघडला. ती ओळ शोधून तिने परत लिहिली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"पुसली मीच," घाईराव हळूच म्हणाले. "पण तुला दिसलं कसं नाही?"

"तांदूळ निवडताना कुणी ताटच उलथलं, तर खडा दिसेल कसा? आणि नकलांची ही ताटं वाटली मीच."

घाईराव त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकले.

मग दोघांनी मिळून सगळ्या नकला मिटवल्या. मला एकच घर दिलं आणि प्रत्येक प्रकल्पात फक्त माझा पत्ता ठेवला.

"माझा समास गेला म्हणायचा," घाईराव पुटपुटले.

"हवा तर बदलू. पण सगळ्यांना विचारून, आणि इथेच."

मित्रांनो, चारचौघांनी मिळून केलेला नियम आपापल्या घरी नेऊन गुपचूप बदलू नका. तो एका जागी ठेवा, अधूनमधून त्याची विचारपूस करा. सगळ्या ओळी सारख्या असल्या, की हरवलेली एक लगेच दिसते.

आता माझं वय झालंय. खिडकीतला पडदा फुगतो, निजतो, आणि मीही पेंगते. संध्याकाळी थोरलीचा फोन वाजतो. ती हातातलं काम थांबवते.

"वाजली गं," पलीकडून बाबा म्हणतात. "घेतली गोळी."

मग मी डोळे मिटते.