दहा पट्ट्यांचं अंतर

मित्रांनो, मी पियानोवर वाजणारी एक जुनी रचना आहे. जेमतेम चार मिनिटांची, संथ चालीची. पावणेदोनशे वर्षांपूर्वी शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंनी मला भाड्याच्या खोलीत रचलं. छापणाऱ्याने मात्र माझ्या कपाळी लिहिलं, 'घरगुती करमणुकीसाठी'. तेव्हापासून सगळे मला नाजूक समजतात. समजोत बापडे. माझ्यात डाव्या हाताला एकदम दहा पट्ट्यांचं अंतर गाठून दोन सूर एकत्र धरावे लागतात, तिथे भलेभले गडबडतात.

पुढे माझे हालच झाले. हॉटेलात मला मागे लावून लोकांनी घास चावले. फोनवर ताटकळणाऱ्यांना माझी धून ऐकवली गेली. मी मेले नाही.

मग एका संगीतशाळेत एक काकू शिकायला आल्या. चाळीस वर्षं कारखान्यात कॉलर शिवून निवृत्त झालेल्या. वय एकसष्ट. त्यांनी हट्टाने मलाच निवडलं. त्यांचा पंजा आठ पट्ट्यांपुढे जाईना. तरुण शिक्षिकेने खालचा सूर गाळायला सुचवलं. काकूंनी साफ नकार दिला. त्या आधी खालचा सूर वाजवायच्या, पायाने पेडल दाबून तो धरून ठेवायच्या आणि मग हात वर न्यायच्या. शिवणयंत्रावर मुरलेला पाय तो!

वार्षिक कार्यक्रमाच्या यादीतून मुख्याध्यापकांनी त्यांचं नाव खोडलं; पालक कंटाळतील म्हणाले. शिक्षिकेने भांडून ते परत घातलं. लेक काकुळतीला आली.

"आई, लोक हसतील गं."

"हसू देत. मी कामात असेन."

कार्यक्रमात दुसऱ्या पानावर काकू अडखळल्या. मागे खसखस पिकली. त्या उठल्या नाहीत. रुमालाने हात पुसून त्यांनी ती ओळ पुन्हा धरली. खालचा सूर घुमला, हात वर गेला, आणि दोन्ही सूर एकत्र उभे राहिले. इतकी ताठ मी कधीच उभी राहिले नव्हते.

काकू मंचावरून खाली उतरताच मुख्याध्यापक म्हणाले, "मध्ये चुकलात तुम्ही."

"हो," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी परत वाजवते."

लेकीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढच्या वर्षीच्या यादीत आईचं नाव आत्ताच लिहून घ्या म्हणाली.

मित्रांनो, मला जपायचं म्हणून कपाटात ठेवू नका. वाजवा. चुकलात तर पुन्हा वाजवा. फक्त हात लहान आहे म्हणून माझा एकही सूर गाळू नका.