गुडघ्याचं बळ

सारंगीची मान तुटली तेव्हा महादेवप्पा लालसाबच्या दुकानात तिला मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. नातीच्या हळदीला तीच वाजायची होती. लालसाब वाद्यं सांधायचा, अन् सांधणारा सरस त्याची आई अमिना घरच्या चुलीवर करायची. पण थंडीनं अमिनाचे हात आखडलेले. यंदा तो सुनेनं, सायरानं करायचा होता.

सायरा विणकर मोमिनांची लेक. खळ दिलेलं सूत उन्हात ताणलं की बळकट होतं, हे माहेरचं शहाणपण. खाटकाकडून आणलेली बकऱ्याच्या गुडघ्यातली कुरकुरीत हाडं तिनं तशीच दिवसभर पत्र्यावर टाकली, मग धडाडून जाळ लावून उकळली. सकाळी भांडं कलंडवलं, तर नुसतं पाणी! वास असा की मांजरही मागं फिरलं.

"उन्हात टाकलीस व्हय?" अमिनानं विचारलं.

"सूत वाळवतात तसं, अम्मा."

"अगं, ते काय सूत हाय? जीव गेला तरी अंगातलं बळ लगेच जात न्हाय. हळूहळू जातं. जायच्या आत आपण धरून ठेवायचं."

दुसऱ्या खेपेला सायरा ओलं फडकं घेऊन खाटकाच्या दारातच उभी राहिली. चांदसाब हसला, "बाळ न्यायला आलीस की काय, भाभी?"

ताजी हाडं फडक्यात गुंडाळून तिनं बाळासारखीच नेली. सावलीत धुतली, गार पाणी बदलत राहिली. चुलीत एकेक काटकी. भांड्याच्या कडेला बुडबुडा दिसला की काटकी मागं ओढायची, अन् गुणगुणायचं:

हळू घाल जाळ, माझ्या चुलीच्या गं बाई
गेल्या जिवाचं बळ, भांड्यामंदी येई

गाळून ठेवून गोठलेल्या रसाला पहाटे तिनं बोट लावलं. तो थरथरला, अन् आपोआप स्थिर झाला. मधाच्या रंगाचा, आरपार भांड्याचा तळ दिसत होता. निजल्या लेकराला धक्का लागावा तसा तिनं हात मागं घेतला.

लालसाबनं मान जोडली, दोरीनं आवळली, सावलीत वाळू दिली. मग महादेवप्पांनी तारा चढवल्या. खुंटी पिळू लागले तशी सायरा दाराआड कान देऊन उभी राहिली. पीळ वाढत गेला. तारा करकरल्या. सांधा हलला नाही.

गज फिरला, अन् सूर उसळी मारून आढ्याला भिडला. महादेवप्पांचे डोळे मिटले.

माळावरच्या बांधांवरून झेपावणारे बकऱ्याचे गुडघे सायराच्या डोळ्यांपुढं आले.

तिच्या शेजारची अमिना हळूच म्हणाली, "ऐकलंस? अजून उड्या मारतंय की."