लेइसालेचे डुक्कर

माझ्या बायकोने, लेइसालेने, ते डुक्कर पिलू असल्यापासून वाढवले. आमच्या बेटावर अशा डुकराचे वरचे सुळे काढून टाकतात, म्हणजे खालचे वाढून कड्यासारखे गोल वळतात. मग त्याला नीट खाता येत नाही. ती रोज तारोचे, म्हणजे अळूचे, कंद उकडून, हाताने कुस्करून त्याला भरवायची. दुखवटा संपतो त्या दिवशी तिच्या माहेरचा गाव जेवायला येतो. त्या जेवणाला हेच डुक्कर कापायचे, असे मी ती गेली तेव्हाच ठरवले होते.

त्याआधीच माझा पुतण्या तारी राजधानीहून आला. तो सरकारी नोकरीत आहे.

"काका, मोठ्या देशाचे मंत्री येतायत. संरक्षणाचा करार आहे. डुक्कर मारून पक्का करायचा, आपल्या रिवाजानं. असले सुळे दुसऱ्या कुणाकडे नाहीत."

"आपल्यावर कोण चालून येतंय?"

"कुणी नाही. पण आलंच तर ते मदत करतील."

"असं लिहिलंय?"

"सल्लामसलत करतील, असं लिहिलंय."

"सल्ला द्यायला तुझी काकू होती मला. तिनं डुक्कर नव्हतं मागितलं."

पण गावाचे प्रमुख बुले यांनी शब्द देऊन टाकला होता. तो मोडून मला गावात राहता आले नसते.

मंत्री आले. बायकांनी माळा घातल्या. मागच्या वर्षी दुसऱ्या मोठ्या देशाचा पाहुणा आला तेव्हाही ह्याच माळा होत्या आणि तारीचे भाषणही हेच होते. त्या दोन देशांचे एकमेकांशी पटत नाही. आमचे सरकार दोघांनाही सगळ्यात जवळचा मित्र म्हणते आणि स्वतःला हुशार समजते.

मी डुक्कर दोराला धरून उभा होतो. बुले यांनी मंत्र्यांच्या हातात डुक्कर मारायचा सोटा दिला. त्यांनी तो मेलेला उंदीर धरावा तसा धरला आणि तारीच्या कानात काहीतरी सांगितले.

"आबा, त्यांना जनावर मारता येत नाही," तारी बुले यांना म्हणाला. "खाताही येत नाही, तिकडे नेताही येत नाही. त्यांचे नियम आहेत. सोटा नुसता टेकवतील, फोटोपुरता."

"खाणार नाहीत? मग करार कसला?"

"कागदावर सही झालीय ना, आबा."

"माझ्या बापानं आणि लेइसालेच्या आज्यानं भांडण मिटवलं ते एक डुक्कर वाटून खाऊन. वादळात आपली छपरं उडाली तेव्हा तिचे भाऊ शाकारायला पानं घेऊन आले. कुठं होता कागद?" मग बुले माझ्याकडे वळले. "सोड दोर. घेऊन जा तुझं डुक्कर."

मंत्री हसत, हात हलवत विमानाकडे गेले. तारी माझ्यामागे पळत आला.

"काका, मारू नका हं इतक्यात! पुढच्या महिन्यात ते दुसरे येतायत. ते खातात!"

मी दोर धरून चालत राहिलो. घरी जाऊन तारोचे कंद कुस्करले. डुकराने माझी बोटे हुंगली आणि तोंड फिरवले. बऱ्याच वेळाने खाल्ले.

रविवारी दुखवटा संपला आणि लेइसालेचे भाऊ गाव घेऊन आले. मी डुक्कर मारले, सगळे जेवले. तारीसुद्धा जेवला, दोनदा वाढून घेतले. सुळे मी तिच्या थडग्यावर ठेवले. तारी घुटमळत सुळ्यांकडे बघत होता. तो बेटावरून जाईपर्यंत मी थडग्यापाशीच बसून राहिलो.