डेस्लीच्या आवाजाची विंडोज आवृत्ती

बर्नी या बंदराच्या गावातल्या आमच्या संगणकवेड्यांच्या कंपूचा नियम एकच. विंडोज वापरताना सापडेल त्यानं सगळ्यांना बिअर पाजायची. बारा वर्षांत कोणी सापडलं नाही. सगळे लिनक्सवाले, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटातली प्रणाली वापरणारे, सगळे म्हातारे आणि एकजात खवट.

माझ्या थोरल्या बहिणीचा, डेस्लीचा, आवाज गेला तेव्हा हा माज मला नडला. आजारानं हातपाय आधीच गेले होते, उरले डोळे. डोळ्यांनी अक्षरं टिपून बोलणारं यंत्र तिला मिळालं, पण ते विंडोजवर चालायचं आणि भलत्याच बाईच्या आवाजात बोलायचं. बोलता येत होतं तेव्हाच डेस्लीनं बजावलं होतं, "केल्विन, ती बया माझ्या तोंडून बोलणार नाही. त्यापेक्षा मी मुकी बरी." आणि खरंच, यंत्राकडे ढुंकून बघेना. 'हो'ला एकदा डोळे मिटायची, 'नाही'ला दोनदा. दिवसभर दोनदाच.

तिच्या स्वतःच्या आवाजात बोलेल असा एक प्रोग्राम होता, फुकट आणि सर्वांना खुला, पण लिनक्सचा. त्यासाठी तिनं आवाज जाण्याआधी दोन महिने वाक्यं वाचून रेकॉर्ड करून ठेवली होती. म्हटलं, त्यात काय, आपल्याच लिनक्सवर बसून तो विंडोजवर चालेल असा बांधू. आपल्या चुलीवर शेजाऱ्याच्या पथ्याचा स्वयंपाक, एवढंच. तपासायलाही माझ्याच मशीनवर विंडोजचं सोंग घेणारी सोय होती. खऱ्या विंडोजला शिवतो कोण!

एकेका बांधणीला तास लागायचा. तोवर मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिच्याशेजारी स्कॅलप पाय, म्हणजे शिंपल्यांच्या सारणाची भाजलेली पेस्ट्री, खात बडबडायचो. एका दुपारी बोलून गेलो, "डेस, तुझी पिवळी मिनी गाडी धक्क्यावरून पाण्यात गेली ना, तिचा हँडब्रेक बिघडला नव्हता. मी ओढायला विसरलो होतो. आता सांगतोय, कारण आता तुला शिव्या देता येत नाहीत."

ती रोखून बघत राहिली. मी हातातली पेस्ट्री संपवली.

प्रोग्राम माझ्याकडे झकास चालला. तिच्या यंत्रावर मात्र प्रोग्रामची खिडकी उघडायची आणि लगेच मिटायची. तीनदा बांधलं, तीनदा तेच. यंत्र कंपनीनंच कुलूपबंद केलेलं, बिघाड कुठे ते आत डोकावून बघता येईना. चौथ्यांदा तिनं मी विचारण्याआधीच दोनदा डोळे मिटले, आणि कडेनं पाणी ओघळलं. मला माझीच लाज वाटली.

कंपूत जाऊन विचारलं, "खरं विंडोज हवंय. कोणाकडे आहे?"

सगळे आपापल्या ग्लासात बघू लागले. शेवटी गॉर्डन खाकरला. नियम त्यानंच केलेला.

"शेडमध्ये आहे. मासेमारीचा गेम खेळतो. बायकोला बोलू नकोस."

"बारा वर्षं?"

"गप पी. बिअर माझ्याकडून."

त्याच्या शेडमध्ये दहा मिनिटांत उलगडा झाला. प्रोग्रामसोबत एक फाईल द्यायची राहिली होती. माझ्या मशीनवर ती कायमचीच, त्यामुळे सोंगातल्या विंडोजलाही आयती मिळायची. खरं विंडोज एकदा उघडलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण आमचा नियम ना!

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. डेस्ली एकेक अक्षर टिपत राहिली. मग यंत्रातून तिचा आवाज आला, जरा घोगरा, पण तिचाच.

"गाढवा. त्या गाडीपायी मी डॅडची दोन वर्षं बोलणी खाल्ली."

मी रडत होतो आणि हसत होतो. जरा वेळानं डोळे पुसायला उठलो.

"बस," ती म्हणाली. "अजून संपलं नाही."

मी बसलो.